आम्ही कुणाचे? : मतदाराच्या तोंडची राजकीय ओळख

‘एखादा राजकीय पक्ष तुम्हाला विशेष जवळचा वाटतो का?’ दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा ‘लोकनीती’ हा उपक्रम देशभर निवडणूक पाहण्या करतो, त्यांत हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात आहे. मतदारयादीतून नावे निवडली जातात आणि स्थानिक भाषेतली प्रश्नावली घेऊन तरुण मुले-मुली दारोदार जातात. मत कुणाला दिले हे मात्र तोंडी विचारत नाहीत. उत्तर देणाऱ्याच्या हातात चिन्हे छापलेली नमुना मतपत्रिका ठेवतात. त्याने खूण करायची, घडी घालायची आणि सोबत आणलेल्या पेटीत टाकायची. एवढी काळजी घ्यावी लागते, कारण दारात उभे राहून दिलेले राजकीय उत्तर एकट्याचे राहत नाही. यादीतले नाव घरातल्या सुनेचे असते आणि उत्तर द्यायला दीर पुढे सरसावतो. शेजारचा कठड्याला टेकून ऐकत असतो. प्रश्न विचारणाऱ्यालाच आधी उत्तर द्यावे लागते, ‘तुम्ही कुणाकडून आलात?’

मतदार स्वतःला राजकारणात काय म्हणवतो आणि कोणत्या मूल्यांवर माणसे पारखतो, हा या पानांचा विषय आहे. महाराष्ट्रात त्याचा अभ्यास जुना आहे. पुणे विद्यापीठातले व. मं. सिरसीकर यांनी १९६२च्या निवडणुकीतल्या पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला आणि तो १९६५ साली पुस्तकरूपाने आला. मतदाराला गाठून पद्धतशीर प्रश्न विचारायचे, ही गोष्ट तेव्हा देशात नवी होती. पुढे त्याच विद्यापीठातल्या सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांनी राज्याच्या राजकारणाचा असा अभ्यास दीर्घकाळ चालवला. आकड्यांचा पाया त्यामुळे पक्का आहे. कमी लक्ष दिले गेले ते मतदाराच्या बोलण्याकडे. ‘आमचं घर पहिल्यापासून काँग्रेसचं’, ‘आम्ही साहेबांना मानणारे’, ‘पक्ष कुठलाही असू दे, माणूस कामाचा पाहिजे’ ही वाक्ये पाहणीच्या चौकटीत एका खुणेपुरती उरतात आणि पुढच्या तक्त्यात विरून जातात.

त्या वाक्यांमध्ये मूल्यविचार आहे, आणि तो भरपूर आहे, ही या प्रस्तावनेची भूमिका आहे. ‘सामान्य माणसाला विचारसरणी नसते, तो जात आणि पैसा बघून मत देतो’ हा सुशिक्षित बैठकांमधला लाडका समज आहे. तो चुकीचा तर आहेच, शिवाय ज्यांच्याबद्दल बोलले जाते त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

स्वतंत्र भारताने मतदाराला पहिल्यांदा त्याची ओळख विचारली तेव्हाच अडचण आली होती. १९५१-५२च्या निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना उत्तरेकडच्या अनेक भागांत बायकांनी आपले नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. सेन यांचा हट्ट योग्य होता, कारण मत व्यक्तीचे असते आणि व्यक्तीला नाव लागते. पण अमक्या घरचे, तमक्याचे असे नात्यातून स्वतःला सांगण्याची सवय याद्या दुरुस्त झाल्याने गेली नाही. आज मतदार आपले नाव ठणकावून सांगतो आणि राजकीय ओळख विचारली की पुन्हा नात्यावर येतो.

त्याच निवडणुकीने दुसरी ओळख दिली, चिन्हाची. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चित्र. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती ही चित्रे बघता बघता माणसांची बिरुदे झाली. १९६९च्या फुटीनंतर इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे गाय-वासरू आले, १९७८ साली हात आला, आणि ‘आपला पंजा’ म्हणणारी पिढी तयार झाली. बैलजोडीला मत देणारे घर पंजापर्यंत आले ते पक्षाच्या ठरावांचा अभ्यास करून आलेले नव्हते. बाई जिकडे, तिकडे आपण, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

चिन्ह इतके अंगवळणी पडल्यावर ते काढून घेतले तर काय होते, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. उद्धव ठाकरे यांच्याकडे मशाल राहिली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचे घड्याळ अजित पवारांकडे गेले आणि शरद पवारांच्या वाट्याला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आला. त्यानंतर काही आठवड्यांतच लोकसभेची निवडणूक लागली. दिंडोरीत यंत्रावर एक तुतारी वाजवणारा माणूस होता आणि एक नुसती तुतारी, जिला लोक पिपाणी म्हणत होते. ती नुसती तुतारी एका अपक्षाची होती, त्याच्या नावातही मुख्य उमेदवाराशी साम्य होते, आणि त्याला लाखावर मते पडली. तिथे शरद पवारांचे उमेदवार भास्कर भगरे तरीही निवडून आले. साताऱ्यात मात्र पवारांच्या उमेदवारावर उदयनराजे भोसले बत्तीस हजारांवर मतांनी जिंकले आणि पिपाणीला पडलेली मते त्या फरकापेक्षा जास्त होती.

या मतांना अनेकांनी अडाणीपणा म्हटले. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याला पवारांना मत द्यायचे आहे, हे त्याचे ठरलेले आहे. पंचवीस वर्षे घड्याळ दाबले, आता घड्याळ ‘आपले’ राहिले नाही हेही त्याला कळले आहे, तुतारी म्हणून सांगितले आहे, आणि यंत्रासमोर काही सेकंदच मिळतात. त्याची निष्ठा ठाम होती. तिला ठेवायला दिलेले भांडे बदलले होते.

निष्ठा हा शब्द इथे आला आणि तो या विषयातला सर्वांत वजनदार शब्द आहे. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली त्यानंतर राज्यभर ऐकू आले ते ‘गद्दार’ आणि ‘पन्नास खोके’. दुसऱ्या बाजूने उत्तर आले, बाळासाहेबांचा विचार कुणी सोडला? दोन्ही बाजू एकाच मूल्याची भाषा बोलत होत्या. मुंबई-ठाण्याच्या शाखांमध्ये वाढलेल्या शिवसैनिकाला पक्षाचा जाहीरनामा पाठ नसतो. शाखाप्रमुख रात्री-अपरात्री रुग्णवाहिका घेऊन आला होता हे पाठ असते. १९६६पासून उभे राहिलेले हे नाते दोन्हीकडून निष्ठेच्याच तराजूत तोलले गेले. निकाल मात्र सहा महिन्यांत दोन तऱ्हेचे लागले. २०२४च्या लोकसभेला ठाकरेंचे ९ आणि शिंदेंचे ७ खासदार आले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला शिंदेंचे ५७ आणि ठाकरेंचे २० आमदार. निष्ठा मोठी असली तरी मतदाराच्या यादीत ती एकटी नसते, हे या आकड्यांतून दिसते. लोक गद्दारीवर चिडतात आणि तरीही कामाच्या माणसाला, हप्त्याला, जागेच्या प्रश्नाला वेगळे वजन देतात.

राज्याच्या दक्षिण टोकाला गेले की पक्षापेक्षा गट मोठा होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात कुणाला पक्ष विचारावा तर तो गट सांगतो: मंडलिक गट, राजे गट, मुश्रीफ गट, संजय घाटगे गट. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, विकास सोसायटी या सगळ्यांच्या निवडणुका गटावर लढल्या जातात. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्हच नसते, तिथे पॅनेल असते. ज्याच्या उसाला तोड वेळेवर मिळायची आहे, ज्याच्या मुलाला संस्थेत चिकटायचे आहे, त्याच्यासाठी गट ही चोवीस तासांची बाब आहे आणि पक्ष पाच वर्षांतून एकदाची. नेता पक्ष बदलतो तेव्हा गट त्याच्याबरोबर चालत जातो आणि आपण पक्षांतर केले असे गटातल्या कुणालाही वाटत नाही.

या जिल्ह्याने दोन घोषणा दिल्या, त्यांवर स्वतंत्र लेख लिहावेत. २०१९च्या लोकसभेला काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी होती आणि राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक उमेदवार होते. काँग्रेसचे सतेज पाटील यांचे महाडिकांशी हाडवैर. त्यांच्या गोटातून एकच वाक्य बाहेर पडले, ‘आमचं ठरलंय’. काय ठरलंय, हे कुणी बोलले नाही आणि कुणाला विचारावेही लागले नाही. शिवसेनेचे संजय मंडलिक दोन लाख सत्तर हजारांवर मतांनी निवडून आले. हजारो काँग्रेसवाल्यांनी धनुष्यबाणाचे बटण दाबले आणि दुसऱ्या दिवशी ते काँग्रेसवालेच राहिले. पाच वर्षांनी, २०२४ला, काँग्रेसने कोल्हापूरच्या गादीचे शाहू छत्रपती यांना उभे केले तेव्हा विरोधी महायुतीची घोषणा आली, ‘मान गादीला, मत मोदीला’. आदर आणि मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे मतदाराला सांगण्याचा तो प्रयत्न होता. कोल्हापूरकरांनी त्या वेळी दोन्ही गादीला दिले. पण घोषणा सुचणाऱ्यांनी एक खरी गोष्ट ओळखली होती: मतदार आपल्या मनात असे कप्पे करतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात वेगळे दिसते. गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून तिथून अकरा वेळा आमदार झाले. १९६२ सालची पहिली निवडणूक आणि २०१४ सालची शेवटची, मध्ये १९७२ आणि १९९५चे अपवाद. राज्यात शेकाप आक्रसत गेला, तरी सांगोला तालुका ‘आबासाहेबांचा’ राहिला. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ख्याती होती. दुष्काळी तालुक्यातल्या मतदाराला शेकापची मार्क्सवादी भूमिका किती ठाऊक होती हे सांगणे अवघड आहे. साधेपणा, पाण्यासाठीचा पाठपुरावा आणि एक पक्ष न सोडणे ही त्याची मूल्ये होती, आणि ती एका माणसात एकत्र सापडली होती. गणपतरावांनी २०१९ला थांबायचे ठरवले तेव्हा नातवाचा पराभव अवघ्या ७६८ मतांनी झाला. २०२४ला दुसऱ्या नातवाने जागा परत मिळवली. इथे घराणे बोलते की साधेपणाची आठवण? सांगोल्यातली माणसे बहुधा दोन्ही म्हणतील, आणि त्यांना त्यात विसंगती वाटणार नाही.

डावे-उजवे ही जगभर चालणारी मोजपट्टी. १७८९ साली फ्रान्सच्या सभागृहात कोण कुठे बसले यावरून ती निघाली. अमेरिकन अभ्यासक फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ साली दाखवून दिले की अमेरिकेतही थोडेच मतदार अशा अमूर्त पट्टीवर विचार करतात; बहुतेक जण गट, हितसंबंध आणि काळ बरा की वाईट यांवरून बोलतात. म्हणजे ही गोष्ट मराठी माणसाची खास उणीव नाही. आणि जिथे ‘डावा’ ही ओळख इथल्या मातीत रुजली, तिथे ती जमिनीच्या तुकड्यावरून रुजली. डहाणू, तलासरी, सुरगाणा भागातला आदिवासी शेतकरी स्वतःला ‘लाल बावट्याचा’ म्हणवतो. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो माणसे चालत आली, रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. ती माणसे २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनीचा पट्टा मागत होती. परीक्षा चालू आहेत म्हणून मुलांना त्रास नको, या विचाराने त्यांनी मुंबईतला शेवटचा टप्पा रात्री चालून संपवला. मूल्ये विचारायची तर प्रश्नावली घेऊन त्या रात्रीच्या चालण्यापाशी जावे.

शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला हीही अशीच ओळख. शरद जोशींनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतमालाच्या भावाचा प्रश्न लावून धरला, १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले, आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. छातीवर बिल्ला लावणारा माणूस रेल रोकोला, तुरुंगात जायला तयार होता. मतदानाच्या दिवशी तो बिल्ला सदऱ्याच्या खिशात जाई आणि मत जुन्या घरच्या पक्षाला पडे. सभांची गर्दी मतपेटीत का उतरत नाही, हा प्रश्न संघटनेला सतत छळत राहिला. भावाच्या लढ्याला एक नेता आणि तहसील कचेरीतल्या कामाला दुसरा, अशी वाटणी शेतकऱ्याने केली होती. ती वाटणी त्याच्या फायद्याची ठरली का, यावर वाद घालता येईल. पण ती त्याने डोळे उघडे ठेवून केली होती.

ओळख आणि मत यांतले अंतर सर्वांत ठळक दिसते ते आंबेडकरी समाजात. ‘जय भीम’ म्हणणाऱ्याला आपण कोण हे विचारावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतराने त्याला धर्म, अभिवादन आणि भूतकाळाकडे पाहण्याची नजर एकदमच मिळाली. ऑक्टोबर १९५७मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच गटांत वाटला गेला. १९९८ला प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले, तेव्हा ऐक्याची आस किती खोल आहे ते दिसले. २०१९च्या लोकसभेला प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीने सुमारे ४१ लाख मते घेतली. २०२४ला ती निम्म्याहूनही खाली आली. पाच वर्षांत लोकांची ओळख बदललेली नव्हती. संविधान धोक्यात आहे, ही भावना वस्त्यावस्त्यांत पोचली होती आणि ते वाचवायचे तर मत वाया जाऊ द्यायचे नाही, असा हिशेब घरोघरी झाला. संविधान हा शब्द या मतदारासाठी पुस्तकी नाही. शिष्यवृत्ती, नोकरी, विहिरीवरचे पाणी हे सगळे त्यात आहे. विचारसरणीला मत देणारा मतदार ज्यांना शोधायचा आहे त्यांनी तो इथे शोधावा.

बायकांचे मत ‘घरचे मत’ असते, असे मानण्याचा काळ मागे पडला आहे. मतदानाच्या टक्क्यात त्या आज पुरुषांच्या बरोबरीला आल्या आहेत. २०२४च्या ऑगस्टपासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना दीड हजार रुपये खात्यात येऊ लागले आणि नोव्हेंबरच्या निकालानंतर ‘बायकांची मते विकत घेतली’ असे सर्रास बोलले गेले. हे बोलणे अपमानकारक आहे. कारखान्याने उसाला दोनशे रुपये जादा दिले म्हणून गडी गटाबरोबर राहिला तर तो व्यवहारचतुर, आणि बाईने स्वतःच्या खात्यात पहिल्यांदा आलेल्या पैशाची नोंद ठेवली तर ती विकली गेली? योजनेवर, तिच्या खर्चावर, निवडणुकीआधी ती आणण्याच्या हेतूवर टीका जरूर व्हावी. बाईच्या निर्णयाला निर्णय म्हणायचे नाही, हे मात्र चालणार नाही. नवऱ्याच्या हाती न जाता पैसा आपल्या खात्यात येणे, यालाही मूल्य म्हणतात.

काही जण ‘आम्ही कुणाचेच नाही’ म्हणतात. शहरातल्या सोसायट्यांत हे अभिमानाने सांगितले जाते, खेड्यात सावधपणे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून दोनशे मीटरपलीकडे पक्षांची टेबले लागतात. मतदार त्यांतल्या एकाकडे जाऊन यादीतला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घेतो. कोण कुणाच्या टेबलावरून चिठ्ठी घेतो याकडे साऱ्या गावाचे लक्ष असते, म्हणून शहाणी माणसे एका टेबलावर चिठ्ठी घेतात, दुसऱ्यावर चहा पितात आणि तिसऱ्याला मत देतात. त्या माणसाचे ‘बघू’ म्हणजे मत नसणे असे समजू नये. ज्या गावात उद्याही राहायचे आहे तिथे गुप्त मतदानाचे रक्षण करायची ती त्याची पद्धत आहे. उघड नकार द्यायची वेळ आली तर तोही दिला जातो: २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख यांच्या खालोखाल, सत्तावीस हजारांवर मते ‘नोटा’ला पडली होती.

गोव्यातल्या मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. वेगळेपणाच्या बाजूने सुमारे ५४ टक्के मते पडली. एका दिवसाच्या त्या मतदानाने घराघरांना कायमची बाजू दिली.

या विषयातला एक मोठा वर्ग मात्र कुठल्याच पाहणीत नीट पकडता येत नाही. मुंबई, ठाणे, पुण्यात राहणारा आणि ‘मत गावाला आहे’ म्हणणारा माणूस. कोकणात, साताऱ्यात, बीडमध्ये मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या भरून जातात. गाडीची सोय कुणी केली यावरून गावात चर्चा होते. भाडे, पाणी, लोकल, मुलांची शाळा हे त्याचे रोजचे प्रश्न नालासोपाऱ्यात किंवा कळव्यात आहेत, आणि मत चुलत्याच्या गटाबरोबर, दोनशे-तीनशे किलोमीटरवर. नाव शहराच्या यादीत का नोंदवत नाही असे विचारले तर तो सांगतो, गावातले नाव कमी झाले तर रेशन कार्डाचे काय, जमिनीच्या वाटणीत भाऊ काय म्हणतील, सरपंच ओळख दाखवील का. काही जणांची मुले आता शहरातच मतदार झाली आहेत. एकाच घरात बापाचे मत गावच्या पॅनेलला आणि मुलीचे मत प्रभागातल्या नगरसेवकाला, अशी दोन राजकारणे जेवणाच्या वेळी समोरासमोर येतात. मुलीला बापाच्या गटातली माणसे माहीत नसतात. बापाला नगरसेवकाचे नाव ठाऊक नसते, पण नळाला पाणी किती वाजता येते ते ठाऊक असते, आणि त्यावरून तो मुलीला काही प्रश्न विचारतो.